आधी काम शिक, मग गावी जा

बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्राबाहेर तू म्हणालास, "काका, पाय बसला की लगेच गावी जातो, पुढचं पुढं बघू." तुझे वडील शेजारी होते म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. लगेच जाऊ नकोस. हाताला नवं काम आल्याशिवाय तर जाऊच नकोस.

एक तर स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पाय, अजून बसायचाय. सूज उतरते, स्नायू झिजतात, पहिले काही महिने तो बारीक होत जातो. आज घट्ट बसलेलं सॉकेट, म्हणजे स्टंप घालायची नव्या पायाची खोबण, उद्या ढिलं पडतं, कातडी सोलते. वानवडी जवळ असली तर पुन्हा माप देता येतं. गावात तो पाय कोपऱ्यात जाईल आणि तू कुबड्यांवर येशील. दुखणं लपवायची खोड पलटणीतच ठेव. रोज रात्री आरसा धरून स्टंप बघत जा.

पण खरं कारण वेगळं आहे. ११ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेशच्या युद्धात, टांगाईलला आपली पलटण पॅराशूटने उतरली, तेव्हा माणसं आणि सामान लांबवर विखुरलं होतं. गावकऱ्यांनी दारूगोळा वाहायला हात लावला. उतरल्यावर ज्याने त्याने आपली वाट धरायची नसते, आधी जमायचं असतं. जमलो, म्हणून त्याच संध्याकाळी पुंगलीचा पूल हाती आला आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडली. १६ तारखेला पलटण ढाक्यात शिरली, मी इस्पितळात होतो. तुझी उडी आत्ता झालीय. जमायचं बाकी आहे, आणि तू चालायला लागलास!

पेन्शन तुझा हक्क आहे, त्यातला एक कागदही सोडू नकोस. तरी सकाळी उठून जायला जागा हवी. गावात पहिल्या वर्षी सत्कार होतील, झेंडावंदनाला बोलावतील. नंतर पारावर बसलेला तरणा माणूस कुणाला नकोसा होतो, हे मी माझ्याच सोबत्यांचं पाहिलंय. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ ला हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं, ते सगळे सांगतात. इथे पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, त्यांनी नोकरी केली, ते मला जास्त मोठं वाटतं.

मी खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो. जायबंदी जवानांसाठीच १९१७ साली निघालेली संस्था आहे ती. पुढे भोसरीत कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहिलो. वडील गेले तेव्हा मी गावात नव्हतो. पोरगं पुण्याला चिकटलं, असं लोक बोलले. ती सल अजून आहे. पण बहिणींची लग्नं, धाकट्याचं शिक्षण त्याच लेथच्या पगारातून झालं. वडिलांना पैसे पोचत होते, औषधं थांबली नाहीत. आजही मी तेच करीन. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे.

आधी काम शिक. कुठलं, ते तू ठरव, पण शिक.

सोमवारी सकाळी डिस्चार्जचे कागद आणि शाळेचा दाखला घेऊन खडकीला ये, मी फाटकाशी थांबतो. आईची समजूत मी काढतो, त्यांचा नंबर पाठव.

तुझा,
काका