प्रवासाचं विचारा : घाना

प्रश्न : ताई, मुलगा अक्राला नोकरीला आहे, डिसेंबरात या म्हणतोय. मी ६२ वर्षांची, हे ६६. दोघंही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. यलो फीवरची लस या वयात चालते का? तिकडे खायचं काय? आणि केप कोस्टचा किल्ला नि काकुमच्या जंगलातला झुलता पूल एका दिवसात उरकतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : लसीचा दाखला सक्तीचा आहे. परतताना आपल्या विमानतळावरही तो मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रातच घ्या, तीही प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. मात्र साठीनंतर पहिल्यांदा घेताना जरा जपावं लागतं, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, हेही सांगून ठेवते. मनाला लागणार असेल तर तिकीट काढण्याआधीच ठरवलेलं बरं.

डिसेंबरबद्दल माझं मत विचाराल तर जानेवारीत जा. नाताळाला परदेशातले घानावासी घरी येतात, तेव्हा अक्रा तुडुंब भरतं आणि सगळंच महागतं. जानेवारीत सहाराकडून हरमाटानचा कोरडा, धुळीचा वारा येतो, ओठ फुटतात. व्हॅसलीन नेलं की भागतं.

आता खाणं. पीठमसाल्याची अर्धी बॅग भरून नेऊ नका, अक्रात भारतीय किराणा मिळतो. आम्ही तेमा बंदरापाशी राहायचो तेव्हा सकाळी मी वाचेवालीकडे जाऊन उभी राहायची. वाचे म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात. त्यात ज्वारीच्या जातीची पानं टाकतात, त्यानं त्याला तांबूस रंग येतो. बाई त्यावर अंडं, मासळी, शेवयांसारखी स्पॅगेटी असं काय काय रचत जाते, म्हणून हात पुढे करण्याआधी बोला : नुसता वाचे आणि वर गारी. गारी म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा. आपला साबुदाणाही याच कंदाचा. काळी शितो चटणी दिसायला आपल्या लोणच्याच्या खारासारखी, पण तिच्यात सुकी मासळी नि सुकट असते. तिला लांबूनच नमस्कार. ‘रेड-रेड’ म्हणजे पामतेलातली चवळी आणि तळलेली पिकी केळी. तिच्यातही कधी धुरावलेला मासा पडतो, तेव्हा विचारून घ्या. ‘मीट नको’ एवढ्यानं भागत नाही, मासळी तिथे मीटमध्ये धरत नाहीत. रस्त्यावर निखाऱ्यावर भाजलेली केळी आणि शेंगदाणे मात्र निःशंक खा. आणि पैसे उजव्या हातानंच द्या. डावा पुढे केलात तर आपल्या आजीला आला असता तेवढाच राग तिथल्या आजीलाही येतो.

किल्ला आणि पूल एका दिवसात उरकतात. गाडीवाले तसंच नेतात. तुम्ही नेऊ देऊ नका. काकुममध्ये झाडांच्या शेंड्यांतून सात झुलते पूल आहेत, जमिनीपासून चाळीस मीटरपर्यंत उंच, आणि पायाखाली एक पाऊल मावेल एवढी फळी. तिथे माणसं किंचाळतात, हसतात, फोटो काढतात. त्याच तोंडानं तासाभरात केप कोस्टच्या तळघरात उतरणं मला तरी जमलं नसतं. जहाजं येईपर्यंत गुलाम तिथे कोंडून ठेवायचे. वर उंचावर एखादा झरोका, बाकी अंधार. पुरुषांच्या कोठड्यांच्या बरोबर डोक्यावर चर्च होतं, हे वाटाड्या दाखवतो तेव्हा कुणी काही बोलत नाही. उतार आहे, जमीन खडबडीत आहे, काठी असेल तर न्या. बाहेर पडल्यावर लगेच गाडीत बसू नका. समुद्रापाशी थांबा.

दुसऱ्या दिवशी जवळच एल्मिना बघा. पोर्तुगीजांनी तो किल्ला १४८२ मध्ये बांधायला घेतला, म्हणजे गोवा घेण्याच्या २८ वर्षं आधी. १६३७ मध्ये तो डचांनी जिंकला. शक्यतो मंगळवार गाठा. त्या दिवशी तिथले कोळी दर्यावर जात नाहीत, रंगीत होड्या किनाऱ्याला असतात आणि माणसं जाळी विणत बसलेली दिसतात. काकुमला तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर जा. पुलापर्यंत दगडांचा चढ आहे. काकांचे गुडघे कुरकुरत असतील तर पूल सोडा, किल्ला सोडू नका.

प्रश्न : मी जहाजावर नोकरी करतो. तेमाला एक दिवस उतरायला मिळेल. काय बघू? – एक वाचक, वास्को

उत्तर : टॅक्सी करा, भाडं बसण्याआधी ठरवा. ट्रोट्रो, म्हणजे तिथली वडाप, भरल्याशिवाय हलत नाही आणि तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. अक्रात घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांची समाधी बघा. ६ मार्च १९५७ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं ते याच जागेवर, जुन्या पोलो मैदानात. येता-जाता किनाऱ्याच्या रस्त्यानं टेशीला थांबा. तिथले सुतार गिऱ्हाइकाच्या धंद्याप्रमाणे शवपेट्या घडवतात. कोळ्याला मासा, कोको पिकवणाऱ्याला कोकोची शेंग. जहाजही करून देतात, तुम्हाला बघून हसतील. फोटोआधी विचारा, थोडे सेडी, म्हणजे तिथले पैसे, मागतील. दुपारी तीनलाच परत फिरा, संध्याकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.