जागा सोडू नकोस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

समोरच्याने तुमच्या घरचा पदार्थ उचलला, त्याच्या शाखा निघाल्या आणि तुमची खाणावळ मात्र आजोबांनी थाटली तिथेच राहिली. तेव्हा ती विकावी की आपणही शाखा काढाव्यात, असे तू विचारतोस. जागा सोडू नकोस, हे माझे उत्तर आहे, आणि ते पटावे म्हणून कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनोच्या मित्ला कॅफेचा इतिहास सांगतो.

लुसिया रॉड्रिगेझ यांनी १९३७ मध्ये शहराच्या पश्चिमेकडील मेक्सिकन वस्तीत, माउंट व्हर्नन रस्त्यावर हे उपाहारगृह सुरू केले. कुरकुरीत तळलेल्या टॉर्टियात, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीत, खिमा, लेट्यूस, टोमॅटो आणि किसलेले चीज भरलेला त्यांचा टाको लोकप्रिय झाला. समोरच ग्लेन बेल नावाच्या तरुणाचा हॅम्बर्गर आणि हॉटडॉगचा स्टॉल होता. मित्लाची गर्दी पाहून तो तिथे जेवू लागला, टाको कसा करतात हे त्याने त्यांच्याच स्वयंपाकघरात शिकून घेतले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी तो स्वतः टाको विकू लागला. त्याने १९६२ मध्ये डाउनी येथे टाको बेल काढले, आणि पुढे त्याची शाखांची मोठी साखळी झाली. १९७८ मध्ये ते पेप्सिकोने विकत घेतले. मित्ला त्याच रस्त्यावर आणि त्याच कुटुंबाकडे राहिले.

तू इथेच हळहळशील, पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. मित्लाच्या सुरुवातीच्या काळी शहराच्या सार्वजनिक जलतरण तलावात मेक्सिकन वंशाच्या लोकांना इतरांप्रमाणे मुक्त प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या समितीच्या बैठका मित्लामध्ये होत, आणि लोपेझ विरुद्ध सेकोम्ब या खटल्यात १९४४ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला; शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर दहा वर्षांनी आला. पदार्थाची रीत बेलला उचलता आली. मात्र वस्तीने ज्या टेबलांभोवती बसून आपला लढा ठरवला, ती टेबले त्याला कुठून मिळणार? म्हणून पुन्हा बजावतो, जागा सोडू नकोस.

मीही माझ्या भोजनगृहाची दुसरी शाखा काढू दिली नाही. घरच्यांनी त्याला हट्ट म्हटले, मुलांनी दुसरे व्यवसाय धरले, आणि माझे म्हणणे त्यांना पटवता आले नाही याची खंत मला आहे. निर्णयाची मात्र नाही. माझ्या गिऱ्हाइकांची मला नावाने ओळख होती आणि कोण आजारी आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, हे मला ठाऊक असे. त्याची किंमत वहीत मांडता येत नाही, म्हणून ती नव्हतीच असे मी मानणार नाही.

तुझे मन दुखले आहे हे मी समजू शकतो, परंतु समोरच्याच्या शाखा मोजण्यात आणखी एक वर्ष घालवू नकोस. तुमच्या जागेच्या भाडेकराराची मुदत कधी संपते, हे तू पत्रात लिहिलेलेच नाहीस. ते आधी कळव, आणि वडिलांशी बोलल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नकोस.

तुझा,
काका