भिंतीने पोट काढलंय, कुणाला दाखवू?

प्रश्न : वडिलांकडून आलेल्या आमच्या दगडी घराची मागची भिंत माडीच्या पातळीला बाहेर फुगली आहे. तिथेच खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी चीर वर गेली आहे, खाली केसाएवढी आणि वर बोटभर. गवंडी म्हणतात, सिमेंट भरून टाकू. कंत्राटदार म्हणतात, भिंत उतरवून आरसीसीचे कॉलम उभे करू. काका म्हणतात, मी शाळेत होतो तेव्हापासून ती अशीच आहे. ऐकावं कुणाचं?

उत्तर : तिघांत मला काकाच जास्त उपयोगी वाटले. सल्ल्यासाठी नव्हे, साक्षीसाठी. त्यांच्याकडे त्या भिंतीपुढे उभं राहून काढलेला एखादा जुना फोटो असेल तर शोधा. पन्नास वर्षांपूर्वी सरकून थांबलेली भिंत आणि आज सरकणारी भिंत, दोन्ही दिसायला सारख्याच.

गवंडी आणि कंत्राटदार दोघेही थेट औषधावर आले, दुखणं काय ते कुणीच पाहिलं नाही. ते पाहायला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, आणि शक्यतो दुरुस्तीचं काम स्वतः न घेणारा. फी पाहणीची आणि अहवालाची ठरवा. ती दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्क्यांवर असेल तर मोठं काम सुचवण्याचा मोह कुणालाही होईल. फोनवरच विचारा, ‘चुन्यातल्या किंवा मातीतल्या दगडी बांधकामाची किती कामं केलीत?’ आम्हा इंजिनिअरांतल्या बहुतेकांचा हात काँक्रीटवर बसलेला असतो. एक खूण सांगते. दगडी भिंतीवर रिबाउंड हॅमर, म्हणजे ठोका मारून मजबुतीचा अंदाज देणारं यंत्र, आपटून कुणी आकडे लिहू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्या. ते यंत्र काँक्रीटसाठी आहे.

जुनी जाड भिंत बहुधा आरपार एकसंध नसते. बाहेरची एक पडदी, आतली एक, आणि मधल्या पोकळीत कपच्या, चुना, माती यांची भर. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड कमी पडले, किंवा पाणी मुरून भर खाली बसली, की बाहेरची पडदी सुटून पोट काढते. म्हणून ओळंबा बाहेरून लावाच, पण आतूनही लावा. आतली बाजू सरळ असेल तर पडद्या सुटल्याचा संशय. दोन्ही बाजू बाहेर गेल्या असतील तर अख्खी भिंत ढकलली जाते आहे, आणि मग छपराकडे पाहायचं. पडदी सुटलेल्या भिंतीत पातळ सिमेंट जोरात भरलं, तर त्याच दाबाने ती बाहेर येऊन पडू शकते. गवंड्यांना एवढं नक्की सांगा.

उमेदीच्या काळात मीही एक निदान चुकवलं होतं. फुगलेली भिंत पाहून मी पायाला दोष दिला, खड्डे खणायला लावले. पाया ठणठणीत निघाला. निघताना घरातल्या आजी सहज म्हणाल्या, ‘माळ्यावर एक आडवं लाकूड होतं, डोक्याला लागायचं, म्हणून कापून टाकलं.’ तेच लाकूड दोन बाजूंच्या वाशांना एकमेकांत बांधून ठेवत होतं. ते गेल्यावर वासे पसरले आणि त्यांनी भिंत बाहेर लोटली. तेव्हापासून मी आधी माळ्यावर चढते, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोलल्याशिवाय वही उघडत नाही.

तुमची चीर वर रुंद आहे, म्हणजे भिंतीचा वरचा भाग फाकतोय. कोपऱ्याचा पाया खचल्यानेही तसं होतं आणि छपराच्या रेट्यानेही. चिरेवर काच चिकटवायची जुनी रीत आहे, पण काच फुटली तर काहीतरी हललं एवढंच कळतं. त्याऐवजी चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवा आणि दर महिन्याला व्हर्नियर कॅलिपरने त्यांच्यातलं अंतर लिहून ठेवा, तारखेसकट. माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे पूर्ण वर्षाच्या नोंदी हव्यात. रुंदीच्या नेहमीच्या वर्गवारीत 5 मिमीपर्यंतची चीर बहुधा दिसण्यापुरती धरतात आणि 15 मिमीच्या पुढची गंभीर. तुमची वरच्या टोकाला तिथवर पोचली असावी, त्यामुळे पहिली पाहणी वर्षभर लांबवू नका. नोंदी त्यानंतर चालू राहतील.

अहवालात डोळ्यांनी काय पाहिलं, त्यावरून काय अंदाज बांधला आणि काय उघडून पाहावं लागेल, हे वेगवेगळं लिहून मागा. कामांचा क्रमही मागा. पन्हळ आणि पाण्याचा निचरा त्यात वर असेल, अशी माझी अटकळ आहे.

मधल्या काळात माडीवर त्या बाजूला असलेली जड कपाटं, पेट्या हलवा. नवी भुकटी गळताना दिसली, दारं अचानक अडकू लागली किंवा तुळईचं टोक भिंतीतून निसटताना दिसलं, तर मोजत बसू नका. त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा, बाहेरून भिंतीखाली कुणाला फिरकू देऊ नका आणि इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा.