ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ड्रॅगन बोट वल्हवलेली चालते का? मुंबईत मावशीसाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मावशींच्या काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्यात आणि घरातले त्यांना साधी पिशवीही उचलू देत नाहीत. माझ्याही घरी हेच. कणीक मळायची नाही, लोकलमध्ये त्या हाताने हँडल धरायचं नाही. भीती अगदीच खोटी नाही. गाठी काढल्या की हातातल्या द्रवाचा निचरा कमी होतो आणि हात सुजू शकतो, काहींचा कायमचा. डॉक्टर त्याला लिम्फेडिमा म्हणतात. पण म्हणून हात वापरायचाच नाही, हे काही खरं नाही.

ते खरं नाही हे दाखवण्यात ड्रॅगन बोटीचा, म्हणजे वीस जणींनी मिळून वल्हवायच्या लांब बोटीचा, मोठा वाटा आहे. १९९६ साली कॅनडात, व्हँकुव्हरला, डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी या आजारातून गेलेल्या २४ जणींना ड्रॅगन बोटीत बसवलं. खेळ मुद्दामच हा निवडला, कारण यात दंड-खांद्यांना सारखा तोच ताण, म्हणजे तेव्हा नेमका जो मना होता तो. आधी व्यायामाने ताकद वाढवली, मग पाण्यात उतरल्या. एकीलाही नव्याने सूज आली नाही. २४ म्हणजे फार मोठा आकडा नव्हे, मान्य. पण २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांच्या चाचणीत आधीच सूज असलेल्या बायकांनी कॉम्प्रेशन स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) घालून, हळूहळू वजनं वाढवत व्यायाम केला. त्यांचीही सूज त्यामुळे वाढली नाही.

मुलीकडे व्हँकुव्हरला गेले असताना मी अशा बोटीत बसले. लांबलचक, अरुंद बोट. दहा बाकं, प्रत्येकावर दोघी, पुढे ढोलवाली, मागे सुकाणूवाली. वल्हं आपल्या बाजूलाच मारायचं. सगळा जोर हातात नसतो. पाय रोवायचे, कमरेतून वळायचं, पाठीने ओढायचं. दमलात तर वल्हं मांडीवर घेऊन बसा, बोट पुढे जातच राहते! शिवाय शेजारणीला किमो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गोल करून बसून मन मोकळं करणं मला कधी जमलं नाही. इथे सगळ्यांची तोंडं पुढे; बोलायचं तर बोला, नाहीतर वल्हवा.

मुंबईत पावसाळ्यात समुद्र नको, आणि पवई तलावात मगरी! तेव्हा बोटीवाचून अडून राहू नका. आम्ही काही जणी सकाळी शिवाजी पार्कला चालतो, मग एकीच्या गच्चीवर रबरी पट्टे बांधून वल्ह्यासारखे ओढतो. ढोल नाही, पण मोजायला मोठ्या आवाजाची एक आहे.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. काही औषधांचा हृदयावर, हाडांवर परिणाम होतो, तेही विचारून घ्या. फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही हातांची मापं घेऊन ठेवा. बांगडी किंवा ब्लाउजची बाही एकाच हाताला घट्ट वाटली तर व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

मैत्रिणी मला फॉलोअपच्या ओपीडीत, नंबराची वाट बघताना मिळाल्या. मावशी अबोल असतील तर तुम्हीच शेजारच्या बाकावर बोलणं काढा.