बायकांनाच नको असेल तर?

प्रश्न : ताई, आमच्या घरात आई आणि दोन्ही मावश्या ठणकावून सांगतात, ‘स्त्रीवाद वगैरे आम्हाला नको.’ परवा काका हसून म्हणाले, बायकांनाच नको असेल, तर ही चळवळ आहे तरी कुणाची? मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही काय म्हणाल?
(एक वाचक)

उत्तर : कॉलेजात असताना ‘स्त्रीमुक्तीमुळे घरं मोडतात’ या बाजूने बोलून मी वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलंय. परीक्षक तिघेही पुरुष. इतक्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत! त्यामुळे तुझ्या मावश्यांवर रागावायचा हक्क मला नाही.

काकांचा प्रश्न जुनाच आहे. १९०८ साली ब्रिटनमध्ये बायकांनीच बायकांच्या मताधिकाराविरुद्ध संघटना काढली. मेरी वॉर्ड या त्या वेळच्या गाजलेल्या कादंबरीकार तिच्यात आघाडीवर होत्या. दोन वर्षांत ती पुरुषांच्या अशाच संघटनेत विलीन झाली. अध्यक्षपदी आले लॉर्ड क्रोमर आणि त्यांच्यानंतर लॉर्ड कर्झन. हो, बंगालची फाळणी करणारे तेच. विरोधाचा चेहरा बाईचा आणि खुर्ची साहेबांची, ही सोय तेव्हापासूनची.

अमेरिकेचं उदाहरण मला जास्त विचार करायला लावतं. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती तिथल्या संसदेने १९७२ मध्ये मंजूर केली. पन्नासपैकी ३८ राज्यांची संमती हवी होती. १९७७ पर्यंत ३५ झाली, आणि गाडी तिथेच अडली. १९८२ मध्ये मुदत संपली. ही दुरुस्ती अडवण्यात मोठा वाटा फिलिस श्लाफ्ली या परंपरावादी नेत्यांचा. त्यांच्या कार्यकर्त्या आमदारांना घरी केलेला ब्रेड आणि जॅम नेऊन देत. सहा मुलांची ही आई गावोगाव भाषणं देत फिरे, दोनदा संसदेची निवडणूक लढली, त्या धामधुमीत वकिलीही शिकली. आणि सांगे काय, तर बाईची जागा घरात! मला यात ढोंग दिसतं. पण तिच्या मागे उभ्या राहिलेल्या बायका ढोंगी नव्हत्या. तीस वर्षं संसार केला, स्वतःची कमाई नाही. उद्या कायद्याने सगळे समान झाले, तर नवऱ्यावर पोसायची जबाबदारी उरेल का, ही त्यांची भीती होती. मुलींनाही सक्तीने सैन्यात घेतील, ही दुसरी. त्या भीतीला नीट उत्तर द्यायचं सोडून चळवळीतल्या काहीजणींनी गृहिणींची टिंगल केली. ती चूकच होती. भीती बायकांची होती, पीक राजकारण्यांनी काढलं : १९४० पासून या दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्या रिपब्लिकन पक्षाने १९८०च्या जाहीरनाम्यात तो काढून घेतला.

तेव्हा काकांशी वाद राहू दे. एखाद्या निवांत दुपारी मावश्यांना विचार, ‘नको’ म्हणजे नेमकं काय नको? मतदान नको? मालमत्तेतला वाटा नको? की आयुष्यभर जे केलं ते फुकट गेलं, असं कुणी तोंडावर म्हणायला नको? हे शेवटचं असेल, तर त्यांचं ऐकून घे आणि तुझं म्हणणं दुसऱ्या दिवशी सांग.