टोपोशीटला कुलूप कशासाठी?

नमस्कार,

मुलगा बारावी सायन्सला. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, पसरून कंटूर (सारख्या उंचीच्या) रेषा गिरवत बसतो, म्हणून ती तुम्ही कपाटात कुलूपबंद केलीत. 'सगळं सॅटेलाइटवरून दिसतं, सर्व्हेयर कोणाला हवाय? त्याला कम्प्युटरलाच घालतो,' असं तुम्ही पत्रात लिहिलंय.

मला काळजी वाटली ती कुलपाची. रील बघत बसला असता तर ओरडून सोडून दिलं असतंत. नकाशा वाचतो म्हणून जप्ती! अभ्यासाची वेळ ठरवून द्या, जरूर. पण पत्रात फी आहे, भाच्याचं पॅकेज आहे. मुलाचं म्हणणं काय, यावर एक ओळ नाही.

आता सॅटेलाइटचं. कोयनेच्या रानात वरून दिसतात ते झाडांचे शेंडे, जमीन नव्हे. १:५०,००० च्या शीटवर दोन कंटूरमधला उंचीचा फरक साधारण २० मीटर. दाट रानात झाडंच तेवढी उंच असू शकतात. लायडारचे, म्हणजे वरून सोडलेल्या लेझरचे, काही किरण फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, पण परत आलेल्या लाखो ठिपक्यांतला पानाचा कुठला नि मातीचा कुठला, हे निवडावं लागतं. सॉफ्टवेअर निवडतं, आणि कधी कड्याची धार झुडूप समजून छाटूनही टाकतं. ते तपासायला माणूस टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायचं यंत्र) घेऊन रानात शिरतो, कारण गर्द झाडीखाली जीपीएसही डळमळतं. जलाशयाच्या तळाशी नेहमीचा लायडार पोचत नाही. तिथे बोट आणि आवाजाने खोली मोजणारा इको साउंडर. १०५.२५ टीएमसीच्या कोयनेत गाळाने किती जागा खाल्ली, हे अशाच मोजणीतून कळतं. शिवाय ऑक्टोबरातला काठ मे महिन्यात तिथे नसतो. मोजणीच्या दिवशीची पातळी नोंदवली नसेल, तर काठाच्या त्या रेषेला अर्थ नाही.

आणि ठिपके निवडणारे प्रोग्रॅम कोण लिहितं? कम्प्युटर की नकाशे, हे भांडण तुम्हीच उभं केलंय.

या कामाकडे जायचा मार्ग नेहमीचाच: सीईटी किंवा जेईईतून सिव्हिल, मग गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेतला २०२२ पासूनचा जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशांचा) पेपर आणि एम.टेक.

मुलालाही सांगतो, कंटूर गिरवणं हा छंद झाला. पाच सेंटिमीटर कुठे चुकले ते शोधत तीच आकडेमोड पुन्हापुन्हा करायचा कंटाळा येत असेल, तर या वाटेला जाऊ नकोस. परीक्षा संपली की पावसाआधी एखाद्या सर्व्हेयरबरोबर आठवडाभर फिरून ये.

त्यानंतरचं पत्र त्यालाच लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.