लगोरी मांडताय? आधी ठिकऱ्या नीट निवडा

सात चपट्या ठिकऱ्या जमवणं हेच खरं काम. फुटक्या कौलाचे किंवा शहाबादी फरशीचे तुकडे घ्या, कडा दगडावर घासून बोथट करा. मोठी तळाला, लहान वर.

नवखे लोक नेम धरून थेट बुडाला चेंडू हाणतात. मग ठिकऱ्या अंगणभर पांगतात आणि रचेपर्यंत कुणीतरी बाद होतोच. वरच्या दोन-तीनच पाडा. रचणाऱ्याने मान वर करू नये; चेंडू कुठे आहे ते गड्यांनी ओरडून सांगायचं. चेंडू जुना टेनिसचाच बरा, कडक रबरी पाठीत बसला की वळ उठतो. मे महिन्यात ऊन कलल्यावर, सडा मारूनच खेळा. पहिला डाव कुणाचा, ते भांडण तुमचं तुम्ही मिटवा.